‘मला जमणार नाही’ : वस्तुस्थिती की समजूत?

‘त्याच्यात आत्मविश्वास उपजतच आहे,’ असे आपण सहज बोलून जातो. जणू आत्मविश्वास म्हणजे उंची किंवा डोळ्यांचा रंग! प्रत्यक्षात तो पुष्कळसा अवलंबून असतो, स्वतःविषयी आपण मनात बाळगलेल्या समजुतींवर.

एक उदाहरण घेऊ. बचत गटातील एखादी गृहिणी गटाचा पै-पैचा हिशेब चोख ठेवते. पण तोच हिशेब सभेत उभे राहून वाचायचा म्हटले, की तिचे हातपाय कापतात, तोंडाला कोरड पडते. ‘चारचौघांत चुकले तर शोभा होईल आणि ते मला सहन होणार नाही,’ ही तिची समजूत. शेवटी ती कागद दुसरीच्या हाती देते. त्या क्षणी हायसे वाटते; पण नुकसान होते ते इथेच. आपल्याला वाचता येते की नाही, हे पडताळण्याची संधी जाते आणि समजूत अधिकच घट्ट होते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डॉ. अल्बर्ट एलिस (१९१३-२००७) यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ मानसोपचाराची पद्धत मांडली. आपण अस्वस्थ होतो ते केवळ घटनेमुळे नव्हे, तर त्या घटनेविषयीच्या आपल्या समजुतीमुळे, हे तिचे सूत्र. एलिस स्वतः तरुणपणी अतिशय भिडस्त होते. मुलींशी बोलायची त्यांना भीती वाटे. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी न्यूयॉर्कच्या वनस्पती उद्यानात महिनाभर जाऊन शंभर अनोळखी स्त्रियांशी संभाषण केले. पुन्हा भेटायचे कबूल केले एकीनेच, आणि तीही आली नाही! पण नकारामुळे आकाश कोसळत नाही, हे त्यांना अनुभवाने पटले आणि भीती ओसरली.

डॉ. अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये हाच विषय पुढे नेला. ‘हे काम मी करू शकेन’ हा विश्वास चार वाटांनी येतो, असे त्यांनी मांडले : स्वतः केलेले काम, आपल्यासारख्या इतरांना जमलेले पाहणे, इतरांनी दिलेला धीर आणि शरीर-मनाची त्या वेळची स्थिती. यांत सर्वांत प्रभावी ते स्वतः केलेले काम. म्हणूनच ‘मी श्रेष्ठ आहे’ असे नुसते घोकून फारसे साधत नाही.

मग काय करावे?

१) मनातली समजूत कागदावर लिहा. ‘मला कधीच जमत नाही’ यातील ‘कधीच’ खरे आहे का, ते तपासा.

२) ‘चुकता कामाच नये’ हा हट्ट सोडा. ‘चुकू नये अशी इच्छा आहे, पण चुकले तरी निभावून नेईन,’ असे म्हणा.

३) लहान पायरीने सुरुवात करा. आधी घरात मोठ्याने वाचा, मग दोन मैत्रिणींसमोर, मग सभेत पहिल्या चार ओळी.

४) छातीत धडधडले म्हणजे आपण हरलो, असे समजू नका. धडधडत असतानाही वाचता येते.

पालकांनीही एक पथ्य पाळावे. गणित चुकले तर ‘हे उदाहरण चुकले’ म्हणावे, ‘तू ढ आहेस’ म्हणू नये. चूक दुरुस्त होते. शिक्का मात्र मूल खरा मानून चालते.

दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास वाटत असेल, झोप-भूक उडाली असेल किंवा जगण्यात अर्थ वाटेनासा झाला असेल, तर तो केवळ आत्मविश्वासाचा प्रश्न नसतो. अशा वेळी विलंब न करता डॉक्टरांना भेटावे. केंद्र सरकारच्या २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य सल्ला मिळतो. मदत मागणे हा दुबळेपणा आहे, हीदेखील एक समजूतच. तीही तपासून पाहावी.