जुना वायरलेस संच कसा ओळखावा? : नववीसाठी एक प्रात्यक्षिक पाठ



गणपतीच्या पंधरा दिवस आधीची गोष्ट. लालबागला राहणारा माझा नववीतला एक विद्यार्थी पिशवीतून एक काळा खोका घेऊन आला. "सर, काकांनी चोरबाजारातून आणलाय. गर्दी सांभाळायला मंडळात वापरायचाय. चालेल ना?" पोलिसांच्या गाडीत असतो तसा, माइक लावलेला मोटोरोलाचा वायरलेस संच होता. मी वरवर पाहिलं आणि सांगून टाकलं, "हा व्हीएचएफ दिसतोय." दुसऱ्या दिवशी मागची पट्टी पुसली तेव्हा कळलं, सर चुकले! त्या चुकीतून हा पाठ तयार झाला.

आधी शब्द समजून घेऊ. वायरलेसच्या भाषेत 'मोबाईल' म्हणजे फोन नव्हे. गाडीत बसवायचा, १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा संच म्हणजे मोबाईल. हातात धरायचा तो वॉकीटॉकी. कंपनी एकाच साच्यात अनेक प्रकार बनवते. बाहेरून सगळे सारखेच, पण आतलं सर्किट वेगवेगळ्या पट्ट्यांसाठी जुळवलेलं असतं. व्हीएचएफ संचाचा यूएचएफ संच नुसत्या प्रोग्रॅमिंगने होत नाही. म्हणून प्रकार ओळखणं महत्त्वाचं.

१) पट्टी वाचा. संचावर मॉडेल क्रमांकाची पट्टी असते. आमच्या संचावर 'एएएम २५ आरके...' अशी सुरुवात होती. या मालिकेत 'एम' म्हणजे मोबाईल. त्या जागी 'एच' असेल तर हातातला संच. २५ नंतरचं अक्षर पट्टा सांगतं : 'के' म्हणजे १३६ ते १७४ मेगाहर्ट्झ, 'आर' म्हणजे ४०३ ते ४७०, 'एस' म्हणजे ४५० ते ५१२. पुढचं अक्षर शक्तीचं. तिथे 'के' असेल तर संच ४०-४५ वॅटपर्यंतचा. म्हणजे आमचा संच यूएचएफ, आणि तोही जास्त शक्तीचा!

२) चेहऱ्यावर जाऊ नका. जुन्या बाजारात एका संचाचं तोंड दुसऱ्याला बसवलेलं असू शकतं. खात्री हवी असेल तर लॅमिंग्टन रोडवरच्या (आताचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) जाणकार कारागिराला दाखवा. केबल लावून तो संगणकावर आतला मॉडेल क्रमांक वाचू शकतो.

३) अँटेनाचं गणित करा. तरंगलांबी (मीटर) = ३०० ÷ वारंवारिता (मेगाहर्ट्झ). १५० मेगाहर्ट्झला तरंगलांबी २ मीटर, तिचा चौथा भाग ५० सेंटीमीटर. ४५० मेगाहर्ट्झला चौथा भाग साधारण १७ सेंटीमीटर. लांब काडी दिसली तर व्हीएचएफचा संशय घ्या. पण हा फक्त संशय. काडी बदललेली असू शकते.

४) बटण दाबू नका. अँटेना न लावता बोलण्याचं बटण दाबलं तर शेवटचा ट्रान्झिस्टर जळू शकतो. वायरचे धन-ऋण उलटे लावले तर फ्यूज उडतो. आणि कायद्याचं काय, ते पुढे पाहू.

वर्गात एका मुलीने छान शंका काढली. "सर, ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झला परवाना लागत नाही म्हणतात. हा संच ४०३ ते ४७० आहे, मग ४४६ त्यात आलाच की!" आकडा बरोबर, निष्कर्ष चूक. ती सूट फक्त ठरलेल्या अटींत बसणाऱ्या, अगदी कमी शक्तीच्या उपकरणांना आहे. आमच्यासारखा संच नुसता जवळ बाळगायलाही सरकारी परवानगी लागते. आणि विचार करा, ऐन विसर्जनाच्या गर्दीत आपला आवाज दुसऱ्याच कुणाच्या तातडीच्या संदेशावर आदळला तर?

गिरगावच्या मुलांना इथे एक इतिहास जरूर सांगा. १९४२ च्या ऑगस्टमध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. पकडलं जाऊ नये म्हणून ते मुंबईत जागा बदलत राहिले. नोव्हेंबरमध्ये अखेर पोलिसांनी त्यांना पकडलं. त्यांची तरंगलांबी होती ४२.३४ मीटर. आता ३०० ला ४२.३४ ने भागा : साधारण ७.०९ मेगाहर्ट्झ! गणित, विज्ञान आणि इतिहास एकाच तासात.

शेवटी काकांनी संच परत केला. मंडळाने परवाना न लागणारे छोटे वॉकीटॉकी घेतले. थोडे पैसे बुडाले, पण मोठी आफत टळली.

पालकहो, मुलाला या विषयाची गोडी लागली तर रस्ता बंद नाही. वय १२ पूर्ण झालं की हॅम रेडिओची परीक्षा देता येते. परवाना मिळाल्यावर १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर हक्काने बोलता येतं.

गृहपाठ : घरातल्या कोणत्याही जुन्या उपकरणाची मागची पट्टी मुलांना उतरवून आणायला सांगा. व्होल्ट, वॅट, हर्ट्झ यातलं काय काय सापडतं ते बघा. आणि मुलांसमोर आपण चुकलो तर तेही मोकळेपणाने सांगा. माझ्या वर्गाला हा पाठ लक्षात राहिला, तो बहुतेक त्यामुळेच!