तुझी कोणती, माझी कोणती

अगं मनू, आधी उत्तर देते, मग कारण सांगते. नाही, कोव्हिशील्ड घेऊन तू काही चूक केलेली नाहीस. आणि सासूबाईंनी कोव्हॅक्सिन घेतली म्हणून त्या जास्त सुरक्षित आणि तू धोक्यात, असंही नाही. रात्री साडेअकराला तो फॉरवर्ड पाठवून तू झोपली असशील की नाही कोण जाणे. 2024 च्या एप्रिल-मेमध्ये ती अॅस्ट्राझेनेकाच्या लशीची आणि रक्ताच्या गुठळ्यांची बातमी आली, तेव्हापासून थोड्या थोड्या दिवसांनी कुणीतरी नव्या नावाने तेच उकरून काढतं आणि तुझ्यासारख्या पोरींचा जीव टांगणीला लागतो. मी मायक्रोबायोलॉजी शिकवते, डॉक्टर नाही. त्यामुळे औषध मी सांगणार नाही. पण या लशी आत जाऊन करतात काय, एवढं मात्र सांगू शकते. ते एकदा नीट कळलं की निम्मी भीती आपोआप जाते.

कोरोनाच्या विषाणूवर बाहेरून काट्यांसारखी प्रथिनं असतात, त्यांना स्पाइक म्हणतात. त्यांच्याच जोरावर तो आपल्या पेशीत शिरतो. म्हणून जवळजवळ प्रत्येक लशीचं काम एकच: शरीराला तो काटा आधीच दाखवून ठेवायचा. शिंप्याला माप द्यायचं असतं ना, तसंच हे समज. कुणी जुना ब्लाऊज अख्खा नेऊन देतं, कुणी नुसती बाही नेतं, कुणी कागदावर आकडे लिहून देतं आणि कुणी तो कागद दुसऱ्याच्या हाती पाठवतं. शिवणारा तोच, माप पोचवायची रीत वेगळी.

सासूबाईंची कोव्हॅक्सिन म्हणजे अख्खा ब्लाऊज. पुण्याच्या एनआयव्ही या विषाणू संस्थेत वेगळा केलेला विषाणू, हैदराबादच्या भारत बायोटेकने पेशींवर वाढवला, रसायनाने निष्क्रिय केला आणि त्याला प्रतिसाद वाढवणाऱ्या द्रव्याची जोड दिली. हा विषाणू शरीरात वाढू शकत नाही. पद्धत जुनी आहे. रेबीजचं इंजेक्शन, पोलिओचं टोचायचं इंजेक्शन याच जातीचं. आणि त्याहून मागे जायचं तर वाल्डेमार हाफकिनने 1897 मध्ये मुंबईत प्लेगची लस केली, ती मारलेल्या जिवाणूंचीच होती, आणि पहिली टोचून घेतली स्वतःला. परळचं हाफकिन इन्स्टिट्यूट त्याच्याच नावाचं. तेव्हा 'मेलेला विषाणू म्हणजे जुनी, ओळखीची पद्धत' असं सासूबाई म्हणत असतील तर त्यांचं बरोबर आहे. पण 'म्हणून ती सगळ्यात भारी' हे त्यातून निघत नाही.

कोव्हॅक्सिनची एक गंमत कमी लोकांना ठाऊक असते. अख्खा विषाणू असल्यामुळे शरीर काट्याबरोबर त्याच्या आतल्या प्रथिनांविरुद्धही अँटिबॉडीज बनवतं. म्हणून 'कोरोना होऊन गेला का' हे पाहायला आतल्या प्रथिनाची चाचणी केली, तर कोव्हॅक्सिनवाल्याचा रिपोर्ट नुसत्या लशीनेही पॉझिटिव्ह येऊ शकतो. तुझ्या बाबतीत तसं होणार नाही, कारण कोव्हिशील्डमध्ये फक्त काट्याचीच माहिती आहे. उगाच लॅबचे पैसे घालवून घाबरण्याआधी हे लक्षात ठेव.

कोव्हॅक्सिनला परवानगी मात्र घाईने दिली, हे मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते. 3 जानेवारी 2021 ला कोव्हिशील्डबरोबर तिलाही मंजुरी मिळाली, तेव्हा तिच्या तिसऱ्या टप्प्याचे निकाल आलेच नव्हते. नंतर आले ते चांगले आले, 77.8 टक्के. जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळायला मात्र 3 नोव्हेंबर 2021 उजाडलं, आणि तोवर परदेशी जाणाऱ्या कित्येकांची अडचण झाली. चांगली निघाली म्हणून घाई बरोबर ठरत नाही.

आता तुझी लस. मूळ संशोधन ऑक्सफर्ड आणि अॅस्ट्राझेनेकाचं, आपल्याकडे बनवली पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने. देशात 220 कोटींहून जास्त डोस दिले गेले, त्यातले पाचातले जवळपास चार हीच. म्हणजे तू एकटी नाहीस, अख्खा देशच तुझ्याबरोबर आहे! यात चिंपांझीला सर्दी करणारा एक अॅडेनोव्हायरस घेतलाय. चिंपांझीचा का? माणसांतले अॅडेनोव्हायरस आपल्याला होऊन गेलेले असतात, शरीर त्यांना दारातच अडवेल. हा अनोळखी. त्याच्यातला वाढीला लागणारा भाग काढून टाकला आणि तिथे काटा कसा बनवायचा याची माहिती डीएनएच्या रूपात बसवली. तो पेशीत शिरतो, माहिती देतो आणि संपतो. पुढे आपलीच पेशी काटा बनवते आणि शरीर त्यावर तुटून पडतं.

'डीएनए' शब्द ऐकून दचकू नकोस. तो पेशीच्या केंद्रकात जातो हे खरं, पण आपल्या गुणसूत्रात स्वतःला शिवून घेण्याचं साहित्य या विषाणूकडे नसतं. तो तिथे वेगळाच राहतो आणि पेशीबरोबर नाहीसा होतो.

याच पद्धतीची रशियाची स्पुटनिक. तिच्यात पहिल्या आणि दुसऱ्या डोसाला वेगवेगळे मानवी अॅडेनोव्हायरस वापरलेत. कारण हुशारीचं आहे: पहिल्या डोसानंतर शरीर वाहकालाच ओळखायला लागलं तर दुसरा डोस फुकट जायचा. कोव्हिशील्डने तो प्रश्न अंतर वाढवून बराचसा सोडवला. 2021 च्या मे महिन्यात तुझा दुसरा डोस एकदम 12 ते 16 आठवड्यांवर गेला आणि तू 'लस संपली म्हणून थापा मारतायत' असं म्हणत होतीस, आठवतं? तुटवडा होताच, ते मी नाकारत नाही. पण दोन डोसांत सहा आठवड्यांपेक्षा कमी अंतर असताना परिणामकारकता सुमारे 55 टक्के आणि बारा आठवड्यांपुढे सुमारे 81 टक्के, हे फेब्रुवारीतच छापून आलं होतं. सरकारला ते सोयीच्या वेळी आठवलं, इतकंच.

परदेशातल्या दादाची फायझर आणि वहिनीची मॉडर्ना ही एमआरएनए पद्धत. इथे वाहक विषाणू नाही. काटा बनवायची माहिती एमआरएनएवर लिहायची आणि ती चरबीच्या अतिसूक्ष्म थेंबात गुंडाळून द्यायची. एमआरएनए केंद्रकात जातच नाही, बाहेरच वाचला जातो आणि काही दिवसांत विरघळतो. कल्पना जुनी होती, अडचण अशी की बाहेरून घातलेला एमआरएनए पाहून शरीर खवळायचं. कॅटलिन कॅरिको आणि ड्रू वाइसमन यांनी 2005 मध्ये दाखवलं की त्यातल्या एका घटकात थोडा बदल केला तर शरीर तसं खवळत नाही. 2023 चं वैद्यकाचं नोबेल त्यालाच मिळालं. 'वर्षभरात कशी बनली लस?' असं विचारणाऱ्यांना हे सांग. घाईने बनली ती कोरोनाची आवृत्ती. तिच्यामागचं संशोधन कित्येक वर्षांचं होतं.

फायझर आपल्याकडे आलीच नाही. कंपनीने डिसेंबर 2020 मध्ये अर्ज केला आणि फेब्रुवारीत मागे घेतला. शिवाय तिला सुरुवातीला उणे 70 अंशांच्या आसपास ठेवावं लागे. आपल्या तालुक्याच्या आरोग्य केंद्रात, जिथे साध्या फ्रिजचीच मारामार, तिथे ती कुणी सांभाळली असती? म्हणूनच पुण्याच्या जिनोव्हाने साध्या फ्रिजमध्ये राहणारी एमआरएनए लस केली, त्याचं मला फार कौतुक वाटतं. 2022 च्या जूनमध्ये तिला परवानगी मिळाली. पण तोवर लोकांचे डोस उरकले होते आणि तिचं नावही कुणाला कळलं नाही.

उरलेल्या भराभर सांगते. तुझ्या भाच्याला बारा-चौदा वर्षांच्या गटात मिळाली ती कॉर्बेव्हॅक्स, म्हणजे नुसती बाही: यीस्टमध्ये बनवलेला काट्याचा एक तुकडा. बाळांना देतात ती हिपॅटायटिस बीची लसही अशीच यीस्टमध्ये बनते, त्यामुळे याला कुणी नवखी म्हणायचं कारण नाही. कोव्होव्हॅक्समध्ये अख्खा काटा, पण तो पतंगाच्या पेशींत तयार केलेला. झायडसची झायकोव्ह-डी प्लाझ्मिड डीएनएची, सुईशिवाय द्यायची, आणि माणसांसाठी परवानगी मिळालेली या प्रकारातली जगातली पहिली. नाकात घ्यायची इन्कोव्हॅकही येऊन गेली. तिच्यामागचा विचार पटण्यासारखा आहे: दंडातल्या इंजेक्शनने रक्तात अँटिबॉडीज भरपूर होतात, नाकाच्या आतल्या ओलसर अस्तरात फारशा होत नाहीत. म्हणून तर लस घेऊनही तुला ओमिक्रॉनमध्ये सर्दी-ताप झाला, पण हॉस्पिटल गाठावं लागलं नाही.

आता त्या टक्केवारीकडे येऊ, कारण खरा घोळ तिथेच आहे. फॉरवर्डमध्ये रांगेने लिहिलंय: फायझर 95, कोव्हॅक्सिन 78, कोव्हिशील्ड 70. जणू दहावीचा निकाल! अगं, या परीक्षाच वेगवेगळ्या होत्या. फायझरची 2020 मध्ये, मूळ विषाणू फिरत असताना. कोव्हॅक्सिनची आपल्याकडे, ज्यात डेल्टाची लाट सापडली. नुसत्या डेल्टाविरुद्ध तिचा आकडा 65 च्या घरात आहे. एका लशीला सोपा पेपर आणि दुसरीला अवघड, मग मार्क शेजारी कसे मांडायचे? एकाच वेळी, एकाच गावात, दोन्ही लशी देऊन केलेली तुलनाच खरी, आणि या तिघींची तशी परीक्षा त्या काळी झाली नव्हती.

आणि 95 टक्के म्हणजे शंभरातल्या पाच जणांना होणारच, असंही नाही. फायझरच्या चाचणीत सुमारे 43 हजार माणसं होती. त्यांतल्या 170 जणांना कोरोना झाला: खोट्या इंजेक्शनवाले 162, लसवाले 8. त्या 162 आणि 8 मधून 95 निघाले. बाकी हजारोंना दोन्हीकडे काहीच झालं नाही. यापेक्षा मी दुसरा आकडा बघते: जिवावर बेतलं किती जणांच्या? तिथे या सगळ्या लशी एकमेकींच्या खूप जवळ येतात. कोव्हॅक्सिनचाच आकडा गंभीर आजारात 93 च्या पुढे जातो.

आता ज्यासाठी तू मेसेज केलास ते. रक्ताच्या गुठळ्या. खोटं नाही ते. अॅडेनोव्हायरसच्या लशींनंतर फार क्वचित एक विकार होतो: शरीर स्वतःच्याच एका प्रथिनाविरुद्ध अँटिबॉडीज बनवतं, गुठळ्या होतात आणि प्लेटलेट्स कमी होतात. हे 2021 च्या मार्च-एप्रिलमध्येच जगाला कळलं होतं, आणि ब्रिटनने तरुणांना दुसरी लस द्यायला सुरुवात केली होती. 2024 मध्ये कंपनीने कोर्टात ते मान्य केल्याची बातमी झाली, शोध नवा नव्हता. आपल्या सरकारी समितीने 2021 च्या मेमध्ये सांगितलेलं प्रमाण दर दहा लाख डोसांमागे 0.61. आपल्याकडे नोंदी कमी होतात, म्हणून हा आकडा थोडा वाढवून धर हवं तर. पण मुख्य गोष्ट ही: हा विकार होतो तो लशीनंतर साधारण चार दिवस ते सहा आठवड्यांत, आणि बहुतेक वेळा पहिल्या डोसानंतर. तुझा डोस होऊन वर्षं लोटली. तुझी ती खिडकी केव्हाच बंद झाली. लस रक्तात दबा धरून बसलीय आणि एक दिवस उठेल, अशी काही यंत्रणाच नाही.

एमआरएनएलाही आपली खोड आहे. तरुण मुलांमध्ये, बहुतेक दुसऱ्या डोसानंतर आठवडाभरात, हृदयाच्या स्नायूला सूज येते. प्रमाण कमी, आणि बहुतेक जण बरे होतात. दादाला ते होऊन गेलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. आणि जिममध्ये कोसळलेल्या त्या तरुणाचा व्हिडिओ? आयसीएमआरने 47 हॉस्पिटलांमधून 18 ते 45 वयाच्या अचानक मृत्यूंचा अभ्यास केला, 2023 मध्ये छापला. लशीमुळे धोका वाढलेला दिसला नाही, दोन डोसवाल्यांत तो उलट कमी दिसला. ज्यांत धोका वाढलेला दिसला ती कारणं वेगळी: घरात अशा मृत्यूंचा इतिहास, कोरोनाने आधी हॉस्पिटलात राहणं, दारू, नशा, एकदम झेपेपलीकडचा व्यायाम. तुझ्या नवऱ्याच्या अचानक सुरू झालेल्या मॅरेथॉनवर लक्ष ठेव, तुझ्या दंडावर नको.

आणि हो, 'मला ताप आला नाही म्हणजे लस लागलीच नाही' हेही डोक्यातून काढ. कोव्हिशील्डने अनेकांना हुडहुडी भरली, कोव्हॅक्सिनने कमी. तापाचा आणि संरक्षणाचा तसा हिशेब लागत नाही.

तेव्हा तू, मी, सासूबाई, तिघींनी आता काही तपासण्या करत बसायची गरज नाही. गुठळ्यांसाठी करतात ती डी-डायमरची चाचणी तर 'सहज' म्हणून मुळीच करू नकोस, ती कित्येक साध्या कारणांनी वाढते आणि मग एकातून दुसरी तपासणी निघत राहते. बाबांचं मात्र वेगळं आहे. वय, मधुमेह, वर गेल्या वर्षीचा न्यूमोनिया. त्यांच्या डॉक्टरांना दोन गोष्टी सरळ विचार: कोरोनाचा आणखी डोस हवा का, आणि फ्लूची व न्यूमोकॉकलची लस द्यायची का. जाताना त्यांच्या आधीच्या डोसांच्या तारखा आणि लशीचं नाव कागदावर लिहून ने. कोविनच्या सर्टिफिकेटवर दोन्ही असतं.