डिजिटल पाठ्यसामग्री आणि मराठी माध्यमाचा वर्ग

शिक्षकाने आयुष्यभर विद्यार्थी राहावे, असे आपण समारंभांतून पुष्कळदा ऐकतो. हे वचन प्रत्यक्ष आचरणात आणण्याचा योग मला गेल्या वर्षी आला. डिजिटल पाठ्यसामग्री कशी तयार करावी, या विषयावरील खास शिक्षकांसाठी असलेला एक ऑनलाइन अभ्यासक्रम मी विरार पूर्वेला फुलपाड्यातील माझ्या घरी बसून, रात्रीच्या वेळी पूर्ण केला. त्या अभ्यासक्रमाचा वृत्तान्त सांगणे हा या लेखाचा हेतू नाही. त्याच्या निमित्ताने जे प्रश्न पुढे आले, ते मराठीतून शिकणाऱ्या व शिकविणाऱ्या आपणा सर्वांचे आहेत. म्हणून त्यांचा येथे थोडा विचार करावयाचा आहे.

पार्श्वभूमी

दूरस्थ शिक्षण आपल्याकडे नवे नाही. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 साली स्थापन झाले आणि नोकरी करणाऱ्या असंख्य माणसांना त्याने पदवीपर्यंत नेले. परंतु त्या काळी पाठ्यसामग्री म्हणजे छापील पुस्तक होते, व ते टपालाने किंवा अभ्यासकेंद्रातून हाती येई. 2017 साली केंद्र सरकारने महाविद्यालयीन शिक्षणासाठी 'स्वयम्' हा मंच सुरू केला. त्याच वर्षी 5 सप्टेंबरला, शिक्षकदिनी, शाळांसाठी 'दीक्षा' सुरू झाली. 'स्वयम्'वर मिळविलेली श्रेयांके पदवीत धरण्याची मर्यादा विद्यापीठ अनुदान आयोगाने 2016 साली 20 टक्के ठेवली होती, ती 2021 च्या विनियमांनी 40 टक्क्यांपर्यंत नेली. म्हणजे हा विषय आता हौसेचा राहिलेला नाही.

महाराष्ट्राच्या शाळांनी या बाबतीत आपल्या आधी पाऊल टाकले, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात परितेवाडी येथे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकविणाऱ्या रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापून त्यामागे ध्वनी, चित्रफिती व प्रश्न ठेवण्याची कल्पना राबविली. पुढे 'बालभारती'च्या पुस्तकांत ती आली. 2020 साली डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि पारितोषिकाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर शिक्षकांना वाटून दिली. त्यांच्याजवळ फार मोठी यंत्रसामग्री नव्हती. आपल्या वर्गातील मुलांना नेमके काय हवे आहे, याची जाण मात्र होती.

पाठाची चार अंगे

'स्वयम्'वरील अभ्यासक्रमाची रचना चार अंगांची असते. पहिले अंग चित्रफितीतील व्याख्यान, दुसरे वाचनाचा मजकूर, तिसरे चर्चा आणि चौथे स्वमूल्यमापन. आपल्यापैकी बहुतेकांची समजूत अशी असते की व्याख्यान चित्रित केले म्हणजे काम संपले. वास्तविक चारांपैकी सर्वांत स्वस्त, टिकाऊ आणि उपयुक्त अंग वाचनाच्या मजकुराचे आहे, असे माझे मत झाले आहे.

याचे कारण साध्या गणिताने दाखविता येईल. संगणकाच्या सध्या रूढ असलेल्या पद्धतीत देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. दोन हजार चिन्हांचे पान म्हणजे सहा हजार बाइट. त्याच पानाचे मोबाइलने काढलेले छायाचित्र सहज वीस-पंचवीस लाख बाइटांचे होते, म्हणजे सुमारे चारशे पट. चित्रफितीची तर गोष्टच नको. आपले बरेचसे विद्यार्थी सकाळची कॉलेजची वेळ संपताच कामावर जातात आणि गाडीत उभ्या उभ्या वाचतात. ज्याचा दिवसाचा डेटा दुपारीच संपतो, त्याच्या दृष्टीने हा फरक अभ्यास होणे आणि न होणे यांतील आहे.

सोपाऱ्याचा पाठ

अभ्यासक्रमाच्या शेवटी प्रत्येकाने एक पाठ तयार करावयाचा होता. मी विषय निवडला आपल्या शेजारचा : प्राचीन शूर्पारक, म्हणजे आजचे नालासोपारा. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील 'बुरूड राजाचा कोट' या टेकाडाचे उत्खनन केले. तो बौद्ध स्तूप निघाला, व त्यात दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक सापडले. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्यांना सोपाऱ्यातच मिळाला. नवव्या लेखाचा तुकडा 1956 साली जवळच्या भुईगाव येथे मिळाला.

हा पाठ मी चार भागांत मांडला : दोन पानांचा मजकूर, एक नकाशा, पाच मिनिटांचे ध्वनिमुद्रण आणि दहा प्रश्न. प्रश्न तयार करतानाच पाठाची खरी परीक्षा होते. 'उत्खनन कोणी केले?' हा प्रश्न पाठांतराचा झाला. 'राजाज्ञा कोरण्यासाठी अशोकाने सोपाऱ्यासारखे बंदर का निवडले असावे?' हा प्रश्न विचाराचा झाला. दुसऱ्या प्रकारचे उत्तर यंत्राला तपासता येत नाही, तेथे चर्चा लागते आणि शिक्षक लागतो. 

लिपीचा प्रश्न

मराठीत पाठ लिहिताना एक अडचण येते, तिची चर्चा इंग्रजीतील अभ्यासक्रमात होत नाही. आपल्या अनेक विभागांतील जुन्या टिपणे व प्रश्नसंच जुन्या पद्धतीच्या फॉण्टांत टंकित झालेले आहेत. त्या पद्धतीत रोमन अक्षराच्या जागेवर देवनागरी आकार बसविलेला असे. डोळ्यांना मराठी दिसते, पण यंत्राच्या लेखी ती रोमन अक्षरांची निरर्थक माळ असते. तो फॉण्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की हे गुपित उघडे पडते. युनिकोड या जागतिक संकेतात देवनागरीला 1991 पासून स्वतःचे स्थान आहे. त्यात लिहिलेला मजकूर कोठेही उघडतो व शोधता येतो.

त्यातही मराठीचे काही खास प्रश्न उरतात. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या खोल जागा. हा अर्थभेद ज्या आडव्या रफारावर अवलंबून आहे, तो युनिकोडमध्ये दोन निरनिराळ्या पद्धतींनी टंकित होऊ शकतो. दिसायला दोन्ही सारखे, पण शोध घेताना एक सापडतो व दुसरा निसटतो. म्हणून निदान एका विभागातील सर्वांनी एकच पद्धत ठरवून घ्यावी.

हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. आमच्या वर्गात एक अंध विद्यार्थी होता. पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारी सोय त्याच्या मोबाइलमध्ये होती व ती मराठी उत्तम वाचत असे. परंतु वर्गाच्या गटावर टिपणे येत ती वहीच्या पानांची छायाचित्रे म्हणून. छापील मजकूर छायाचित्रातून ओळखणारी साधने आता आहेत, पण घाईच्या मराठी हस्ताक्षरापुढे त्यांचा भरवसा धरता येत नाही. त्यामुळे परीक्षा जवळ आली की तो मित्रांच्या सवडीची वाट पाहत बसे. सोपाऱ्याचा पाठ युनिकोडमध्ये, नकाशाच्या शब्दवर्णनासह, मी त्याला पाठविला. दुसऱ्या दिवशी तो शंका घेऊन आला. नकाशात खाडी कोणत्या दिशेला आहे, हे माझ्या वर्णनातून स्पष्ट होत नव्हते असे त्याचे म्हणणे होते. ती दुरुस्ती झाल्यावर डोळस विद्यार्थ्यांनाही वर्णन अधिक समजू लागले.

हक्काचा प्रश्न

'नेटवर आहे, म्हणजे घ्यायला हरकत नाही' हा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर, पुढील वर्षाच्या आरंभापासून 60 वर्षे हक्क राहतो. साने गुरुजींचे निधन 1950 साली झाले, म्हणून त्यांचे लेखन 2011 पासून सर्वांना खुले आहे. भगवानलाल इंद्रजी 1888 साली वारले, त्यांचा सोपाऱ्यावरील वृत्तान्त कधीच मुक्त झाला आहे. परंतु अलीकडच्या एखाद्या ग्रंथातील स्तूपाचे सुंदर छायाचित्र तसेच उचलता येणार नाही. अध्यापनाच्या ओघात उतारे वापरण्याची सवलत कायद्याच्या कलम 52 मध्ये आहे, व 2016 साली दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स प्रकरणात उच्च न्यायालयाने तिचा उदार अर्थ लावला. तथापि वर्गात वापरणे वेगळे आणि साऱ्या जगासाठी जाळ्यावर ठेवणे वेगळे.

यावर उपाय म्हणजे मुक्त परवाना. 'क्रिएटिव्ह कॉमन्स'चे परवाने 2002 पासून उपलब्ध आहेत. लेखक आपला हक्क सोडत नाही, फक्त श्रेय देऊन वापरण्याची, आणि इच्छा असल्यास बदल करण्याची, परवानगी आगाऊ देऊन ठेवतो. बदलाच्या परवानगीला मी फार महत्त्व देतो. माझा पाठ जव्हार किंवा डहाणूच्या शिक्षकाने घ्यावा, आपल्या विद्यार्थ्यांना जवळची उदाहरणे त्यात घालावी, हेच त्याचे सार्थक.

मर्यादा

या माध्यमाचा गौरव करताना त्याच्या मर्यादा विसरू नयेत. ऑनलाइन अभ्यासक्रमाला नाव नोंदविणारे पुष्कळ व पूर्ण करणारे थोडे, हा जगभरचा अनुभव आहे. एकाकी अभ्यासाला लागणारी चिकाटी सर्वांच्या ठायी नसते. यंत्राने केलेली भाषांतरे आता चटकन मिळतात, परंतु परिभाषेत ती घसरतात व घसरल्याचे सांगत नाहीत. ती तपासावयास विषय जाणणारा मराठी माणूसच हवा.

समारोप

सारांश, डिजिटल पाठ्यसामग्री म्हणजे दुसऱ्याला उघडता येईल, वाचता किंवा ऐकता येईल, तपासता येईल आणि सुधारता येईल असा पाठ. तो चकचकीत असण्याची गरज नाही. मराठी माध्यमाच्या कला शाखेतील विद्यार्थ्याला आपल्या भाषेत असे साहित्य आजही फार थोडे मिळते, आणि ते बाहेरून कोणी आणून देईल अशी आशा करण्यात अर्थ नाही. प्रत्येक विभागाने वर्षाकाठी दोन पाठ जरी युनिकोडमध्ये, मुक्त परवान्याने तयार केले आणि त्यांचे पहिले वाचन विद्यार्थ्यांकडून करवून घेतले, तरी पाच वर्षांत एक चांगला संग्रह उभा राहील. सोपाऱ्याचा पाठ मी विभागाच्या संगणकावर ठेवला आहे. विद्यार्थी मित्रांनी तो वाचावा, त्यातील दोष काढावेत आणि दुसरा पाठ आपण मिळून लिहावा, एवढीच विनंती आहे.