शाळेच्या ठरावाची वही

घाटाखालच्या एका वाडीत आमचा साक्षरता वर्ग चालतो. वर्ग शाळेतच भरतो, दिवेलागणीनंतर. या वर्गाला एक मावशी येतात. त्यांचा नातू तिसरीत आहे. त्याचे आईबाप सहा महिने ऊसतोडीवर असतात, म्हणून शाळेत पालक म्हणून मावशींचेच नाव आहे. मावशी शाळेच्या समितीवरही आहेत. समितीच्या वहीत त्यांनी कितीतरी वेळा अंगठा उठवला होता.

मागच्या श्रावणात समितीची बैठक झाली. गुरुजींनी वही पुढे केली. म्हणाले, "मावशी, आता तुम्हाला सही येते. इथं करा."

मावशींनी पेन घेतले नाही. "थांबा गुरुजी," त्या म्हणाल्या, "मला आधी वाचू द्या."

मावशी बोट ठेवून एकेक अक्षर लावू लागल्या. पाव तास गेला. दोघे-तिघे कंटाळून तंबाखू मळायला बाहेर गेले. वहीत लिहिले होते, "शाळा अनुदान रुपये 25,000 खर्च करण्यास समिती सर्वानुमते मंजुरी देत आहे."

मावशींनी विचारले, "कशावर?"

गुरुजी काही चोर नव्हते. हे आम्ही आधीच सांगतो, कारण अशी गोष्ट ऐकली की गावाला चोर शोधायची घाई होते. गुरुजींनी कपाटातून एक पिशवी काढली. पिशवीत पावत्या होत्या. खडू, वह्या, संडासाचे दार, पाण्याची टाकी, विजेचे बिल. टाकीच्या भाड्याचे पैसे तर त्यांनी पदरचे घातले होते. "हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नाही," ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. उलट थोडे बरेच वाटल्यासारखे दिसले.

तुम्ही आता वाचू लागला आहात. तुमच्याही गावच्या शाळेत अशी वही आहे. ती उघडली म्हणजे काय दिसावे, ते या धड्यात पाहू.

शाळा कोणाची, असे गावात विचारले तर कोणी म्हणतो सरकारची, कोणी म्हणतो गुरुजींची. पैसा मात्र आपलाच असतो. ही गोष्ट महात्मा फुल्यांनी फार पूर्वी सांगितली. 1882 साली इंग्रज सरकारने शिक्षणाची चौकशी करण्यासाठी हंटर साहेबांचे कमिशन नेमले होते. जोतीरावांनी त्या कमिशनपुढे निवेदन मांडले. सरकारच्या तिजोरीत रयतेच्या घामाचा पैसा पडतो आणि शिकतात मात्र वरच्या वर्गाची मुले, असे त्यांचे गाऱ्हाणे होते. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत सर्वांना शिक्षण सक्तीचे करा, असे त्यांनी मागितले. सरकारने ते ऐकले नाही. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी 1906 साली आपल्या साऱ्या राज्यात सक्तीचे शिक्षण केले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 साली त्याचा हुकूम काढला. देशातल्या सगळ्या मुलांना कायद्याने हा हक्क मिळायला मात्र 1 एप्रिल 2010 हा दिवस उजाडावा लागला.

आपल्या खेड्यातली प्राथमिक शाळा बहुधा जिल्हा परिषदेची असते. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा 1 मे 1962 रोजी सुरू झाल्या आणि गावोगावच्या शाळा त्यांच्या हाती आल्या. गुरुजींची नेमणूक आणि बदली जिल्हा परिषद करते. पगाराचा पैसा राज्य सरकार देते. आसपासच्या काही शाळांवर एक केंद्रप्रमुख असतो. त्याच्या वर विस्तार अधिकारी, तालुक्याला गटशिक्षणाधिकारी, जिल्ह्याला शिक्षणाधिकारी. शाळेला शिक्षक कमी असला किंवा छप्पर गळत असले, तर अर्ज याच वाटेने वर जातो.

वर लोकांनी निवडून दिलेले सदस्यही असतात. पण 2022 साली बऱ्याच जिल्हा परिषदांची मुदत संपली. निवडणुका लांबल्या आणि तिथे काही वर्षे प्रशासक बसले. पारावर अडवून जाब विचारावा असा सदस्यच त्या काळात नव्हता. गावाच्या हाती उरली ती शाळेची समिती.

या समितीला शाळा व्यवस्थापन समिती म्हणतात. आपल्या राज्यात तिच्यात 12 ते 16 माणसे घेतात. रुपयातले बारा आणे पालक असावे लागतात. म्हणजे 16 माणसे असली तर त्यांत 12 पालक हवेत. एकूण माणसांत निम्म्या बाया हव्यात. अध्यक्ष पालकांमधलाच असतो आणि मुख्याध्यापक सचिव असतात. बैठक महिन्याला एक. दर दोन वर्षांनी पालकांच्या सभेतून नवी समिती निवडायची.

कागदावर बाया निम्म्या असतात. बैठकीला त्यांचे नवरे येऊन बसतात, हेही आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. एका गावात तर तीन सभासद बायांना आपण समितीवर आहोत हेच ठाऊक नव्हते!

समितीचे काम काय? झेंडावंदनाला पुढच्या खुर्चीवर बसणे एवढेच नव्हे. शाळा नीट चालते का ते पाहावे, आलेला पैसा कुठे गेला ते पाहावे आणि शाळा विकास आराखडा करावा, असे कायदा सांगतो. आराखडा तीन वर्षांचा असतो. पुढच्या तीन वर्षांत आपल्या शाळेला काय लागेल, किती मुले येतील, किती खोल्या हव्यात, हे त्यात लिहायचे. बरेच ठिकाणी हा आराखडा शेजारच्या शाळेचा पाहून उतरवलेला असतो. आपल्या शाळेला विहीर नाही आणि आराखड्यात विहिरीला कठडा मागितला आहे, अशी गंमत त्यातून होते.

आता पैशाचे बघू. पगार सोडला तर शाळेच्या हातात वर्षाला थोडाच पैसा येतो. समग्र शिक्षा नावाची योजना 2018 साली सुरू झाली. तिच्यात केंद्र सरकार रुपयातले 60 पैसे देते आणि राज्य सरकार 40. पट पाहून शाळेला अनुदान ठरते. 2021 साली ठरलेले दर असे. पट 30 पर्यंत असेल तर वर्षाला 10,000 रुपये. त्यापुढे 100 पर्यंत 25,000 आणि त्यापुढे 250 पर्यंत 50,000. यांतला निदान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्च करायचा. म्हणजे 25,000 आले तर 2,500 रुपये संडास, पाणी, साबण, झाडलोट यांवर गेलेच पाहिजेत. हे गणित तुम्हाला आता करता येते. वहीत पाहा आणि मग संडासात जाऊन पाहा.

गणवेशाचा पैसाही पाहावा. दोन गणवेशांना मुलामागे 600 रुपये धरलेले असतात. एवढ्यात काय येते, ते कापडाच्या दुकानात उभे राहिलेल्या आईला विचारावे. 2024 साली राज्य सरकारने साऱ्या राज्याला एकच कापड घ्यायचे ठरवले. कित्येक शाळांत पावसाळा सरला तरी गणवेश आले नाहीत. वर्षअखेरीस सरकारने ते काम पुन्हा गावच्या समितीकडे दिले. पण काम आपल्याकडे आले म्हणजे मापे घेणे, शिंप्याकडे खेपा घालणे हेही आपल्याकडेच आले.

दुपारच्या खिचडीचा हिशोब सगळ्यांत सोपा. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला 100 ग्रॅम तांदूळ आणि सहावी ते आठवीच्या मुलाला 150 ग्रॅम. चौथीपर्यंतच्या शाळेत 40 मुले हजर असली तर 4 किलो तांदूळ शिजला पाहिजे. हजेरीपटावर 28 मुले आहेत आणि तांदूळ 40 मुलांचा खर्ची पडला आहे, असे दिसले तर विचारावे. भांडायला उठू नये. कधी आकडा चुकून चढतो, कधी शेजारची लहान भावंडे ताट घेऊन बसलेली असतात आणि गुरुजींना त्यांना उठवणे जिवावर येते.

एवढे झाले तरी मोठी गोष्ट राहतेच. पोराला वाचता येते का?

मावशींच्या नातवाचेच घ्या. तो पुस्तक धडाधड म्हणून दाखवी. मावशींना केवढे कौतुक! मावशी स्वतः वाचायला लागल्या आणि एके दिवशी त्यांच्या ध्यानात आले की पोराचे बोट एका ओळीवर आहे आणि तोंड दुसऱ्या ओळीवर. धडा त्याला पाठ होता. दुसरे पुस्तक पुढे धरले तर त्याला चार शब्द लागेनात. मावशी त्या रात्री जेवल्या नाहीत.

हे दुखणे एका घरचे नाही. 'प्रथम' या संस्थेचे लोक 2005 सालापासून देशभर खेड्यांतल्या घरी जाऊन मुलांची वाचनाची चाचणी घेत आले आहेत. तिला 'असर' म्हणतात. देशातल्या खेड्यांत सरकारी शाळेत तिसरीला असलेल्या मुलांपैकी दुसरीचा धडा वाचता येणारी मुले 2018 साली शंभरात 21 होती. मग करोनाची साथ आली, शाळा बंद राहिल्या. 2022 साली ती 16 वर आली. 2024 साली 23 झाली. घसरलेली गाडी वर चढली खरी, पण शंभरातली 77 मुले अजून खालीच आहेत.

ही चाचणी कोणालाही घेता येते. आधी मुलाला सुटी अक्षरे दाखवावी. मग दोन अक्षरांचे शब्द. मग चार सोपी वाक्ये. मग एक लहान गोष्ट. मूल जिथे अडते तिथे त्याचे शिकणे थांबलेले असते. पुस्तक न पाहिलेले हवे, आणि हातात छडी नको. समितीच्या बैठकीत "तिसरीतली किती मुले गोष्ट वाचतात?" एवढे विचारले आणि आकडा वहीत मांडला, तर पुढच्या महिन्यात तो पुन्हा विचारता येतो.

असे नाव घेऊन पाहिले तर फरक पडतो का? सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटचे उदाहरण आहे. एका विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालच्या शाळांना बीट म्हणतात. कुमठे बीटमध्ये जिल्हा परिषदेच्या सुमारे 40 शाळा. 2012 च्या सुमाराला प्रतिभा भराडे या तिथे विस्तार अधिकारी होत्या. त्यांनी आणि तिथल्या शिक्षकांनी मुलांना बाकांवरून उठवून फरशीवर बसवले. फरशीवर अक्षरांचे आणि अंकांचे तक्ते आखले. खडे, बिया, काड्या, मण्यांच्या माळा हेच साहित्य. मूल हाताने मांडणार, मोडणार आणि शिकणार. मागे राहिलेले मूल कोणते, ते शिक्षकाला नावानिशी ठाऊक असणार. राज्यातून हजारो शिक्षक ते पाहायला गेले. 2015 साली राज्य सरकारने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम काढला, तेव्हा कुमठ्याचा धडा समोर होता. मोठ्या माणसांना शिकवण्याची ग्रामशिक्षण मोहीमही 1959 साली याच सातारा जिल्ह्यात सुरू झाली होती.

लहान शाळांच्या डोक्यावर आणखी एक टांगती तलवार आहे. 2023 साली राज्यात 20 किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा 14 हजारांवर होत्या. अशा शाळा एकत्र करून समूह शाळा काढाव्यात, असा विचार सरकारने मांडला. त्यात अगदीच तथ्य नाही असे नाही. एक गुरुजी, चार इयत्ता आणि बारा मुले, यात मुलाला सोबती मिळत नाही आणि गुरुजी आजारी पडले की शाळा बंद. पण पहिलीच्या मुलाला एक किलोमीटरच्या आत शाळा हवी, असा नियम आहे. ओढा ओलांडून दूर जायचे झाले तर आधी मुलीची शाळा सुटते. आमचे मत असे की, वाडीतली शाळा राहावी, पण ती चांगली चालवून राहावी. ती चांगली चालते हे दाखवायचे तर तोंडी सांगून भागत नाही. किती मुले रोज येतात, किती वाचतात, पैसा कशावर गेला, हे महिन्यामागून महिने वहीत लिहिलेले असावे लागते.

मावशींच्या वाडीत भाद्रपदातल्या बैठकीला त्यांनी वहीत स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली. "संडासच्या टाकीला नळ नाही. नळ बसवावा." 'संडास'मधला अनुस्वार राहिला होता. गुरुजींनी तो दिला नाही, ओळ तशीच ठेवली आणि खाली सगळ्यांच्या सह्या घेतल्या.

नळ दिवाळीच्या सुट्टीनंतर बसला. तो थोडा गळतो. पुढची बैठक महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आहे, तो विषय तिथे निघेल.