आगोटीआधी ये

आंबोली, १२ मार्च

चि. सोनूस,


तुझं पत्र पोचलं. फोन हाताशी असताना पत्र लिहिलंस, म्हणजे ठरवून झालंय आणि आता कुणी मोडता घालू नये असं तुला वाटतंय, हे मी ओळखलं. घालत नाही. पुण्यातली भाड्याची जागा सोडायची, सासऱ्यांचं चौकुळचं बंद घर उघडायचं, थोरलीला तिथे पहिलीत घालायचं, धाकट्याला अंगणात मोकळं सोडायचं आणि जावईबापूंनी संगणकावरची नोकरी तिथूनच करायची. करा. पस्तीस वर्षांपूर्वी मीही चार वर्षांचा एक आणि आठ महिन्यांची एक अशी दोन पोरं घेऊन इथे आले तेव्हा तुझ्या आजोबांनी माझ्याशी सहा महिने अबोला धरला होता. मी तसं काही करणार नाही.

पण तू लिहिलंयस, आम्हाला कुणावर अवलंबून न राहता जगायचंय. त्या वाक्यापाशी मी अडले. अगं, कुणावर अवलंबून न राहता माणूस पुण्यात जगतो. पैसे टाकले की दूध दारात, डॉक्टर कोपऱ्यावर, शेजारच्यांचं आडनाव ठाऊक नसलं तरी वर्षं निघून जातात. इथे तसं जगणारा एकही माणूस मी पाहिलेला नाही. जो तसा प्रयत्न करतो तो तिसऱ्या पावसाळ्याच्या आत घराला कुलूप लावून जातो. अशी चार तरी कुलपं तुला आमच्याच रस्त्यावर दाखवीन.

दिवाळीनंतर यायचं म्हणतेस, हवा चांगली असते म्हणून. चांगली असते, तेच वाईट. नोव्हेंबरात इथे आलेलं माणूस सात महिने गोड ऊन खातं, खिडक्यांना मोठमोठ्या काचा बसवतं, कापसाच्या गाद्या भरून घेतं आणि मग जूनमध्ये खाली बसतं. तू एप्रिलअखेर ये. मेमध्ये चाकरमानी गावात असतात, घरं उघडी असतात, ओळखी होतात. मुख्य म्हणजे आगोटीची, म्हणजे पावसाळा लागण्याआधीची, तयारी गाव कशी करतं ते तुला डोळ्यांनी दिसेल. हे पुस्तकातून शिकण्यासारखं नाही.

पाऊस म्हणजे काय हे तुला सांगून कळणार नाही, तरी आकडा सांगते. पुण्यात वर्षभरात साधारण सातशे मिलिमीटर पडतो. इथे त्याच्या दसपट. समुद्रावरून आलेला ढग या सातशे मीटरच्या कड्याला धडकतो आणि इथेच रिता होतो. जुलैत धुकं असं की अंगणातली तुळस दिसत नाही. कपडे आठ आठ दिवस वाळत नाहीत. चपलेला, पट्ट्याला, लग्नाच्या अल्बमला बुरा येतो. धाकट्याचे कपडे निखाऱ्यांवर बांबूची टोपली पालथी घालून वाळवावे लागतील, म्हणून घरातली चूल बुजवू नकोस. जावईबापूंना तिथे ओटा हवाय असं तू लिहिलंस. ओटा दुसरीकडे करा. चूल असेल तर घर कोरडं राहतं, पोरं तिच्याभोवती बसतात, आणि गॅस संपला नि वाट बंद असली तरी पेज शिजते.

शाकारणीला माणूस आत्ताच सांगून ठेव. मेच्या मध्यानंतर गावातला कुठलाच गडी मोकळा नसतो, प्रत्येकाला स्वतःचं छप्पर असतं. पश्चिमेच्या बाजूला झड आत येते, तिथे झापं बांधून घ्यायची. लाकूडफाटा पडवीत, जमिनीला न टेकवता रचायचा. तांदूळ, कुळीथ, आमसुलं, सुकं, मीठ, मुलांची औषधं, हे सगळं तीन महिन्यांचं. आणि मुलांचे आतले कपडे दुपटीनं, सुती. जीन्स आणू नकोस, ती गणपतीपर्यंत ओलीच राहील.

जमिनीचंही एक सांगते. घर आपलं म्हणून भोवतालचा डोंगर आपला असं धरून चालू नकोस. आंबोली, चौकुळ आणि गेळे या तीन गावांत कबुलायतदार गावकर हा जुना तिढा आहे. सावंतवाडी संस्थानाच्या काळापासून गावकऱ्यांनी कसलेली जमीन, पण सातबाऱ्यावर नाव सरकारचं लागलं आणि लोक वर्षानुवर्षं झगडत राहिले. सासऱ्यांच्या भावकीला विचारल्याशिवाय कुंपणाचा एक खांबही रोवू नको.

आणि घरामागचा उतार कापून गाडी उभी करायला जागा काढायचा विचार जावईबापूंनी मनातून काढून टाकावा. उताराचा पाय कापला की वरची माती कशाच्या आधारानं उभी राहायची? पावसात ती पाणी पिऊन जड होते आणि खालच्या कातळावरून सरकते. माळीण आठवते ना? ३० जुलै २०१४, सकाळची वेळ, दीडशेवर माणसं गेली. इर्शाळवाडी २०२३ च्या जुलैत, रात्री, माणसं झोपेत असताना. मी घाबरवत नाही, पण अंगठ्याएवढी भेग उतारावर दिसली, झऱ्याचं नितळ पाणी अचानक गढूळ आलं, झाडं वाकली, तर त्या रात्री पोरांना उचलून दुसऱ्याच्या घरी झोपायला जायचं. सकाळी काही झालेलं नसलं तर लोक हसतील. हसू देत. पण असं मध्यरात्री जाता येईल असं एक घर तुला असायला हवं, आणि ते घर मेमध्येच मिळवावं लागतं.

आता माझीच गोष्ट सांगते, तुझ्या वडिलांनाही ठाऊक नसलेली. इथे आल्यावरचा दुसरा पावसाळा. हे कामासाठी कोल्हापुरात अडकलेले. तीन दिवस वीज नव्हती. संध्याकाळी धाकटीला ताप भरला. मी पाण्याच्या पट्ट्या ठेवत बसले. शेजारची काकी दोनशे पावलांवर. पण पावसातून कुणाला उठवायचं, आपण शिकलेली बाई, आपलं आपण बघू, असं मनाशी म्हणत दहा वाजवले. मग अकरा. साडेअकराला तिनं डोळे फिरवले आणि हातपाय ताठ केले. त्यानंतर मी कशी धावले ते मला आठवत नाही, एवढंच आठवतं की थोरला घरात एकटा होता आणि कंदील माझ्या हातात नव्हता.

काकीच्या मुलानं दूधवाल्याची जीप काढायला लावली. सावंतवाडीचा घाट दरड पडून बंद होता, हे मला माहीतच नव्हतं. मी एकटी निघाले असते तर त्याच बाजूला निघाले असते. त्यांनी गाडी उलटी, आजऱ्याकडे घेतली. पोर वाचली, आज ती दोन मुलांची आई आहे. परत आल्यावर काकीनं चहा दिला आणि म्हणाली, "हाक मारूक काय झाला होता तुका?" बाकी काही बोलली नाही. तुला कळेल की नाही कोण जाणे, पण तिचा तो राग मदत करावी लागल्याचा नव्हता. संध्याकाळी सातलाच हाक मारली नाही, याचा होता. मी तिला परकी धरलं होतं.

तेव्हा दोन्ही वाटा पाठ करून ठेव, खाली सावंतवाडी आणि वर आजरा-गडहिंग्लज. १०८ ला फोन लागतो, पण धुक्यात नेटवर्क कुठल्या दगडावर उभं राहिलं की मिळतं ते आधी शोधून ठेव. जवळच्या आरोग्य केंद्रात सर्पदंशावरचं प्रतिविष आहे का, रात्री डॉक्टर असतात का, हे जूनच्या आधी स्वतः जाऊन विचारून ये. मुलांच्या वजनाप्रमाणे तापाचं औषध किती द्यायचं ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून घे आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटव. घाबरलेल्या आईला हिशेब सुचत नाही.

सापांची भीती तू विचारलीस. कुणी जमिनीवर झोपायचं नाही. खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून. मण्यार रात्री फिरते, तिचा दंश दुखतही नाही, पहाटे पोर पोट दुखतं म्हणून उठतं आणि पापण्या मिटायला लागतात. तेव्हा वाट पाहायची नाही. कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरी बांधायची नाही, तो हात किंवा पाय हलू न देता थेट दवाखाना. जांभ्याच्या भिंतींच्या फटी बुजवून घे, त्यात विंचू राहतात. लाल विंचू मोठ्या माणसापेक्षा मुलाला फार बाधतो. घाम फुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले तर ते नुसतं दुखणं नाही, ते हृदयावर येतंय. पूर्वी कोकणात यानं कितीतरी मुलं जायची. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी प्राझोसिनचा उपचार रुळवला आणि ती वाचायला लागली. पण त्यासाठी वेळेवर पोचायला हवं. बूट झटकून घालायची सवय दोघांना पहिल्या दिवसापासून लाव.

हिवाळा-उन्हाळ्यात पोरं रानातून आली की कानामागे, काखेत, जांघेत गोचीड बघायचे. २०१६ पासून आपल्या जिल्ह्यात दोडामार्ग-बांद्याकडे माकडताप आढळलाय. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जायचं नाही, आरोग्य केंद्राला कळवायचं. झालं. यापलीकडे भीती बाळगू नकोस. माझी पोरं इथेच वाढली, आणि पुण्यात रस्ता ओलांडताना मला त्यांची जास्त काळजी वाटायची.

शाळेविषयी तू दोन पानं लिहिलीस, मी दोन ओळी लिहिते. गावातल्या मराठी शाळेत घाल आणि पहिली तीन वर्षं दुसरा कुठलाही वर्ग संगणकावर लावू नको. थोरली दोन महिन्यांत "माका नको" म्हणायला लागेल. तिची भाषा सुधारायला जाऊ नकोस. तिला त्याच भाषेत मैत्रिणी मिळणार आहेत, आणि तुला तिच्यामुळे शेजारणी.

आणि शिकायचं म्हणशील तर इथे काय कमी आहे? पहिल्या पावसात सड्यावर वाघासारखे पट्टे असलेले छोटे भेक निघतात, आंबोलीचे म्हणूनच ते ओळखले जातात. पाण्यावर झुकलेल्या पानांना उडत्या बेडकांची फेसाची घरटी लटकतात. हिरण्यकेशीच्या देवळातल्या कुंडात एक लहानसा मासा आहे, तो जगाला अलीकडेच कळला आणि २०२१ मध्ये ती जागा जैविक वारसा म्हणून जाहीर झाली. तिथलं पाणी पूर्वेला जाऊन बंगालच्या उपसागराला मिळतं, आणि घाटाच्या तोंडावर पडलेला थेंब अरबी समुद्रात जातो. थोरलीला पावसात घेऊन जा आणि विचार, तुझ्या छत्रीवरचं पाणी कुठल्या समुद्रात जाणार? सहा वर्षांचं पोर त्यावर आठवडाभर बोलेल. फक्त जुलैच्या शनिवार-रविवारी धबधब्याकडे फिरकू नकोस. तेव्हा ते आपलं गाव नसतं.

गणपतीत मूर्तीच्या वर माटवी बांधायला कवंडळं, शेरवडं आणायला गावातली पोरं रानात जातील, त्यांच्याबरोबर थोरलीला पाठव. तू मागे जाऊ नको.

तुझ्याकडून गावाला काय, हे मात्र विचार करून ठेव. वर्ग काढू नकोस, बचतगटाला व्याख्यान देऊ नकोस, आल्या आल्या तर नकोच. मी पहिली पाच वर्षं लोकांचे अर्ज लिहिले, पेन्शनचे, रेशनकार्डाचे, कुणाच्या मुंबईच्या मुलाला पत्रं. कुणी बोलावलं म्हणून नव्हे. काकीनं एकदा कागद आणला, मग दुसरीनं. तुला हिशेब येतो, ऑनलाइन फॉर्म भरता येतात. कुणीतरी कागद घेऊन येईल. आलेल्या माणसाला उंबऱ्यातून परत पाठवू नकोस, धाकटा रडत असला तरी. आणि त्यानं चार काकड्या आणून ठेवल्या तर पैसे काढू नकोस. पैसे दिलेस तर हिशेब मिटतो, आणि इथे तो मिटवायचा नसतो.

घर उघडलंस की त्याच दिवशी किल्लीची दुसरी जोडी शेजारच्या घरी नेऊन दे. जावईबापूंना आवडणार नाही. तरी दे, आणि मुलांना सोबत घेऊन जा म्हणजे त्यांनाही ते दार ठाऊक होईल.

तुझी,
आत्या

ता. क. मीठ काचेच्या बरणीत ठेव, घट्ट झाकणाच्या. काडेपेट्या तांदळाच्या डब्यात. धाकट्याच्या मापाची घोंगडी मी काढून उन्हात घातलीय, ती विकत आणू नको.