पेशीतील चालक प्रथिन आणि मेंदूतील गाठ

“शस्त्रक्रियेत गाठ काढली होती ना, मग ती परत कशी आली?” ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगाने ग्रस्त रुग्णांचे नातलग हा प्रश्न प्रथम डॉक्टरांना आणि नंतर बिलाच्या खिडकीशी आम्हांसही विचारतात. आम्ही जमाखर्चाची माणसे. तरीही वाचनातून व डॉक्टरांना विचारून जे उमगले ते येथे मांडीत आहोत.

पेशीत सूक्ष्मनलिका असतात आणि त्यांवरून ‘चालक प्रथिने’ पावले टाकीत जातात. त्यांपैकीच एक ईजी-५, दुसरे नाव केआयएफ-११. पेशीचे विभाजन होताना गुणसूत्रांची वाटणी करणारी, चातीच्या आकाराची रचना तयार होते. तिला तर्कू म्हणतात. ईजी-५ शेजारच्या दोन नलिका धरून त्यांना विरुद्ध दिशांना सारते, त्यामुळे तर्कूची टोके दूर होतात. एक पाऊल सुमारे ८ नॅनोमीटरचे, आणि प्रत्येक पावलास एटीपी या ऊर्जारेणूचा रोख खर्च. येथे उधारी चालत नाही. १९९९ मध्ये मोनास्ट्रॉल या रसायनाने हे प्रथिन रोखले असता दोन टोकांऐवजी एकच तारकाकृती उरली व विभाजन अडले.

ग्लायोब्लास्टोमाचे खरे संकट मात्र केवळ वाढीचे नाही. त्याच्या पेशी गाठीपासून दूर, निरोगी भागात शिरतात. शल्यविशारदाची सुरी तेथवर पोहोचत नाही. वरील प्रश्नाचे उत्तर हेच. २००५ च्या प्रसिद्ध चाचणीत किरणोपचारास टेमोझोलोमाइडची जोड दिल्यावर मध्यम आयुर्मर्यादा १२.१ वरून १४.६ महिन्यांवर गेली. २०१५ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखविले की, केआयएफ-११ रोखल्यास या पेशींची वाढ व घुसखोरी दोन्ही मंदावतात, आणि उंदीर अधिक काळ जगतात. एकाच प्रथिनाकडे दोन्ही कामे असावीत, याचे आम्हांस विशेष आश्चर्य वाटले.

मग औषध का नाही? इस्पिनेसिब हे रोधक औषध अन्य कर्करोगांच्या रुग्णांवर तपासले गेले, परंतु मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या भिंतीतील पंप-प्रथिने ते परत रक्तात लोटतात, असे उंदरांवरील प्रयोगांत आढळले. त्या पंपांना अडविण्याचे प्रयत्न प्रयोगशाळांतून झाले आहेत. म्हणून वर्तमानपत्रातील कात्रण दाखवून कोणी या औषधाची चौकशी केली, तर हे अद्याप संशोधन आहे, उपचार नव्हे, असेच आम्ही सांगतो. ते सांगणे सोपे नसते.