तंजावरची दुपार

मीरा, तिकिटं काढलीस असं ताई म्हणाली. सासूबाई आणि लहानगा अर्णव बरोबर आहेत, म्हणजे आता दोन घटका बस आणि मी सांगते ते ऐकून घे. यातलं निम्मं माझं नाही, माझ्या थोरल्या जाऊबाईंचं आहे. भावजींची तिकडे बदली झाली तेव्हा त्या चार वर्षं तंजावरात राहिल्या होत्या. आम्ही पहिल्यांदा निघालो तेव्हा त्यांनी मला एवढंच सांगितलं, ‘तिथली दुपार आधी ओळखून घे. बाकीचं जमतं.’

मी मान डोलावली आणि विसरले. चेन्नईहून सकाळी गाडी करून निघालो आणि पोचलो ते साडेबारा उलटल्यावर. गाभाऱ्याची दारं लागली होती. ती चार वाजता उघडणार. एप्रिल महिना. आमच्या सासूबाई सत्तरीच्या, चपला बाहेर काढून ठेवलेल्या, आणि फरसबंदी अशी तापलेली की पाऊल टेकवत नव्हतं. सावलीच्या पट्ट्यात भिंतीला पाठ लावून त्या साडेतीन तास बसून राहिल्या. एका शब्दानं बोलल्या नाहीत. ते अजून माझ्या मनाला लागतं, म्हणून तुला आधी हेच सांगते.

तंजावरचा दिवस दोन तुकड्यांचा असतो. मोठं देऊळ सकाळी सहाला उघडतं, साडेबाराच्या सुमाराला बंद होतं, पुन्हा चारपासून साडेआठपर्यंत. तू सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी पाचनंतर, असं दोनदा जा. एकाच दिवशी दोनदा गेलीस तरी चालेल. सकाळी दगड थंड असतो, अर्णव अंगणात मनसोक्त पळेल. संध्याकाळी शिखर आधी पिवळं, मग तांबूस होत जातं आणि गावातली माणसं डबे घेऊन हिरवळीवर येऊन बसतात. सासूबाईंसाठी पिशवीत जाड मोजे ठेव. मोजे घालून चाललेलं कोणी अडवत नाही.

आता पोचायचं कसं ते. मुंबईची गाडी तुला बहुतेक चेन्नई सेंट्रलला सोडेल, पण तंजावरची गाडी सुटते एग्मोरहून. ही दोन वेगळी स्टेशनं आहेत. तिकिटावर आणि पाटीवर ‘एळुंबूर’ असंही दिसेल, तेच एग्मोर. मेट्रोनं सेंट्रलच्या पुढचंच स्टेशन एग्मोर आहे, त्यामुळे सामान थोडं असेल तर मेट्रोच घे. मधे चांगले चार-पाच तास मोकळे ठेव. आपल्याकडून जाणारी गाडी उशिरा पोचली तर पुढची रात्रीची गाडी हातची जाऊ नये.

आणि जायचं ते रात्रीच्याच गाडीनं. उळवन एक्सप्रेस एग्मोरहून रात्री निघते आणि कुंभकोणमवरून सकाळी तंजावरला पोचते. उळवन म्हणजे शेतकरी. उजाडल्यावर खिडकीबाहेर भातखाचरं लागतात, तेव्हा गाडीला हे नाव का दिलं ते कळतं. सासूबाईंना खालचा बर्थ आणि खिडकी दे. विमानानं गेलात तर तिरुचिरापल्लीला उतरा. तिथून तंजावर साठेक किलोमीटर. सरळ टॅक्सी करा, म्हाताऱ्या माणसाला बस बदलायला लावू नका.

उतरायचं कुठे, यात लोक फसतात. तंजावरला दोन बस स्टँड आहेत. जुना गावात, नवा गावाबाहेर काही किलोमीटरवर. ‘बस स्टँडजवळ’ एवढंच वाचून आम्ही खोली घेतली आणि ती नव्या स्टँडजवळची निघाली. मग प्रत्येक फेरीला रिक्षा. तू रेल्वे स्टेशन आणि जुना स्टँड यांच्या मधे, गांधीजी रोडच्या आसपास राहा. त्या रस्त्यावर एक कालवा लागतो, त्याला तिथे ‘पुदु आरु’ म्हणतात, म्हणजे नवी नदी. कल्लणै धरणाचं पाणी त्यातून येतं. त्या भागातून देऊळ पायी पंधरा-वीस मिनिटांवर आहे आणि दुपारी खोलीवर येऊन आडवं होता येतं. दुपारी आडवं होणं हा तिथल्या प्रवासाचा भाग आहे, त्यात वेळ वाया जात नाही.

चार शब्द पाठ कर. ‘पळैय’ म्हणजे जुना, ‘पुदु’ म्हणजे नवा. बसमध्ये चढताना हे दोन शब्द आले नाहीत तर भलत्याच स्टँडवर उतरशील. देवळाला ‘पेरिय कोविल’ म्हणायचं, मोठं देऊळ. बृहदीश्वर म्हटलं तर रिक्षावाला क्षणभर थांबतो, पेरिय कोविल म्हटलं की लगेच निघतो. महालाला ‘अरण्मनै’. हिंदीचा आधार धरू नकोस. इंग्रजी थोडी चालते, आणि हसून बोललेली मोडकी तमिळ सगळ्यात जास्त चालते. रिक्षाचं भाडं बसायच्या आधी ठरव. बसच्या पाट्या तमिळमध्ये असतात, म्हणून जायचं ठिकाण हॉटेलवाल्याकडून तमिळमध्ये कागदावर लिहून घे आणि कंडक्टरला दाखव. २०२१ पासून साध्या टाउन बसमध्ये बायकांना तिकीट पडत नाही, पण कंडक्टर शून्य रुपयाचं तिकीट देईल ते जपून ठेव.

आता देवळाबद्दल. गाइड सांगेल की शिखराची सावली जमिनीवर पडत नाही. पडते. मी स्वतः सकाळी त्या सावलीत उभी राहिले आहे. असल्या गोष्टींची त्या वास्तूला गरजच नाही. राजराज चोळानं १०१०च्या सुमाराला ते पुरं केलं, शिखर दोनशे फुटांहून उंच, आणि सगळं ग्रॅनाइटचं. कावेरीच्या गाळाच्या त्या प्रदेशात असा दगड जवळपास नाही, तो लांबून आणला. अर्णवला वर बघायला सांगशीलच. तू मात्र खाली बघ. जोत्यावर हाताच्या उंचीला तमिळ अक्षरांच्या ओळीच्या ओळी कोरल्या आहेत. देवळाला कोणी काय दिलं, दागिने किती वजनाचे होते, आणि सेवेसाठी आणलेल्या चारशे नर्तकींची नावं आणि त्यांची घरं कुठल्या रस्त्याला, तेही. राजाचं नाव सगळेच कोरतात. एवढ्या बायकांची नावं हजार वर्षं दगडावर राहिली, हे मला फार मोलाचं वाटतं. वाचता येणार नाही, पण तिथे थोडं थांब.

आत शिरताना तीन दारं लागतात. पहिलं मराठ्यांच्या काळातलं, पुढची दोन चोळांची. पुढचा अजस्र नंदी नायक राजांच्या काळातला. एकाच अंगणात तीन राजवटी उभ्या आहेत, हे सासूबाईंना आधीच सांगून ठेव, म्हणजे ‘हे सगळं आपलं’ किंवा ‘यात आपलं काही नाही’ अशा दोन्ही टोकांना त्या जाणार नाहीत. आपल्याकडचे पुष्कळ लोक तिथे फक्त भोसल्यांच्या खुणा शोधत फिरतात. तसं करू नकोस. ज्यांच्या गावात गेलो त्यांचं आधी बघावं.

आपलं बघायचं ते महालात. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी राजे १६७६च्या सुमाराला तिथे गादीवर आले आणि १८५५पर्यंत भोसल्यांचं राज्य टिकलं. महाल मूळचा नायकांचा. आता त्याचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या खात्यांकडे आहेत आणि तिकिटंही वेगवेगळी, म्हणून एका खिडकीवर तिकीट काढून सगळं झालं असं समजू नकोस. सकाळी देऊळ, नाश्ता, आणि दहाला महाल. जेवणाच्या वेळेपर्यंत होतो. मधल्या सुट्टीत काही दालनं बंद असतात.

कलादालनात ब्राँझच्या मूर्ती आहेत. नटराज बरेच आहेत, सगळे तिथेच गर्दी करतात. तू वृषवाहन शिव शोध. तिरुवेंकाडूला सापडलेली मूर्ती, १०११च्या सुमाराची. देव एक पाय दुमडून उभा आहे, डोक्यावर जटांची पगडीसारखी गुंडाळी आणि उजवा हात नंदीच्या पाठीवर रेललेला. नंदी हरवला आहे. हात मात्र तसाच हवेत टेकलेला आहे. मी तिथे किती वेळ उभी होते मला माहीत नाही. दोन्ही वेळा आमच्या माणसांना मला हाक मारावी लागली.

सरस्वती महाल ग्रंथालय त्याच आवारात. लोकांना दाखवायचा भाग म्हणजे एक छोटं संग्रहालय. ग्रंथ चाळता येत नाहीत, अभ्यासकांना वेगळी परवानगी लागते, हे आधीच ठाऊक असलेलं बरं. दुसऱ्या सरफोजी राजांनी, म्हणजे १७९८ ते १८३२ या काळात, हा संग्रह खूप वाढवला. काशीयात्रेला गेले तिथूनही पोथ्या आणल्या. त्यांना वैद्यकाची ओढ होती; डोळ्यांच्या रुग्णांची चित्रांसह टिपणं त्यांच्याकडे ठेवली जात. मराठी हस्तलिखितं तीन हजारांहून अधिक आहेत. त्याच घराण्यातल्या शहाजी राजांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस मराठी नाटकं लिहिली; मराठी रंगभूमीची सुरुवात ज्यापासून मानतात ते ‘सीतास्वयंवर’ सांगलीला झालं ते त्यानंतर कितीतरी वर्षांनी, १८४३ साली. ग्रंथालयानं छापलेली पुस्तकं विक्रीला असतात, त्यात मराठीही मिळतात. विचारल्याशिवाय ती समोर येत नाहीत, म्हणून विचार. बाहुल्या आणि चित्रं कुठेही मिळतील. पुस्तकं मात्र तिथूनच घे.

देवळाशेजारच्या शिवगंगा बागेत एक जुनं चर्च आहे, १७७९चं. पाद्री श्वार्ट्झ यांनी सरफोजींना लहानपणी शिकवलं. गुरू मरणशय्येवर आहेत आणि राजा जवळ उभा आहे, असं संगमरवरी शिल्प फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून राजांनी करवून घेतलं, ते या चर्चमध्ये आहे. दार उघडं असेल तर पाच मिनिटं जरूर जा.

जेवणाचं थोडक्यात. सकाळी इडली-पोंगल, दुपारी केळीच्या पानावर साप्पाडु, संध्याकाळी पुन्हा टिफिन. दुपारचं जेवण एकच्या आत उरक, उशिरा भाज्या संपतात. वाढपी थांबत नाहीत, ‘पोदुम’ म्हटलं की थांबतात. कॉफी डबऱ्यात, म्हणजे पेल्याबरोबर येणाऱ्या पसरट वाटीत, ओतून निववायची असते. सासूबाईंना ते दाखव, नाहीतर जीभ भाजेल. अर्णवला ताकभात मिळेल, ताकाला तिथे ‘मोर’ म्हणतात. हे ऐकून तो मोर शोधायला लागेल, त्याची तयारी ठेव.

तिसऱ्या दिवशी तिरुवैयारूला जा. बारा-तेरा किलोमीटर. ‘ऐ-आरु’ म्हणजे पाच नद्या, आणि जाताना खरोखर पाच पूल लागतात: वडवारु, वेण्णारु, वेट्टारु, कुडमुरुट्टी आणि शेवटी कावेरी. अर्णवला पूल मोजायला लाव. मात्र उन्हाळ्यात पुलाखाली वाळूच दिसते. वर मेट्टूर धरणाचं पाणी रीतीप्रमाणे १२ जूनला सोडतात आणि जानेवारीअखेर बंद करतात. तू डिसेंबरच्या शेवटी जाते आहेस ते चांगलं केलंस. पावसाचा मोठा जोर तोवर ओसरतो, पाणी असतं, ऊन सोसवतं. तरी छत्री घे. नदीकाठी त्यागराजांची समाधी आहे. पौष वद्य पंचमीला तिथे आराधना असते, शेकडो गायक एकत्र बसून पंचरत्न कृती गातात. त्या दिवसांत खोली मिळत नाही. एरवी समाधीपाशी शांत असतं आणि कोणीतरी एकटंच गुणगुणत बसलेलं असतं. येताना मुगाचा अशोका हलवा घे, तो तिथलाच.

कुंभकोणमच्या वाटेवर दारासुरमचं देऊळ आहे, तेही बघावंस. पण सासूबाई थकल्या असतील तर सोड. सगळं एका खेपेत बघायचा हट्ट म्हाताऱ्या माणसांच्या पायांवर निघतो.

एक नाजूक गोष्ट. तिथे तुला मराठी बोलणारी माणसं भेटतील. पिढ्यान् पिढ्या तिथली, नावापुढे राव लावणारी. त्यांची मराठी तुला वेगळी वाटेल. शब्द जुने, चाल तमिळ. चुकूनही सुधारायला जाऊ नकोस, आणि ‘तुम्ही मूळचे कुठले?’ असंही विचारू नकोस. ते तंजावरचे आहेत. जाऊबाईंच्या शेजारी असं एक कुटुंब होतं. त्या म्हणायच्या, त्यांच्या आजींचं बोलणं ऐकताना मला माझ्या पणजीचं घर आठवायचं. तू फक्त ऐक. अर्णवला जवळ बसव.

शेवटच्या संध्याकाळी पुन्हा मोठ्या देवळात जा. प्रदक्षिणेच्या वाटेनं नैर्ऋत्येच्या कोपऱ्याकडे वळलीस की ओवरीच्या भिंतीवर देवनागरी अक्षरं दिसतील. भोसल्यांच्या वंशाचा इतिहास सरफोजी राजांनी १८०३ साली तिथे मराठीत कोरून घेतला. अक्षरं दाट आहेत, मजकूर लांब आहे, उभ्या उभ्या वाचून होत नाही. दिवसभर तमिळ पाट्यांसमोर गोंधळलेले डोळे तिथे एकदम निवतात. सासूबाईंना ओवरीत बसव, चष्मा आणायला विसरू नकोस. अर्णवला एकच अक्षर शोधायला सांग. दुसऱ्या खेपेला आमच्या धाकट्याला मी भोसल्यांचा ‘भ’ शोधायला लावला होता. तो ओळीवरून ओळीवर बोट हवेत फिरवत गेला, सापडेपर्यंत हलला नाही, आणि रखवालदार दिवे मालवायची वेळ झाली म्हणून सांगायला आला तोही त्याच्याबरोबर वाकून शोधायला लागला.